पहिल्या मताचा गूळ

सोलापूर, ३ जुलै

चि. चैतालीस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या अप्पांनी काल सरकारी माणसाला खोटं सांगितलं. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून माग दुरुस्त करताना काही बिघडलं तर मालकाला स्वतःहून "माझ्या हातनं झालं" म्हणणारा हा माणूस काल आपल्याच उंबऱ्यात उभा राहून धडधडीत खोटं बोलला, आणि तेही तुझ्यापायी. म्हणून हे पत्र. फोनवर सांगायची सोय नाही. फोन त्यांचा, घर दोन खोल्यांचं, आणि तुझं नाव दिसलं की ते फोन माझ्या हातात देऊन पायात चप्पल सरकवतात, हे तुला ठाऊकच आहे.

झालं असं, की मतदार याद्या तपासायला शरणम्मा आली होती. पलीकडच्या गल्लीतली अंगणवाडीवाली, अक्कलकोटकडची. तू इथं असताना तीच यायची. तिनं जालिंदर वाचलं, भीमाबाई वाचलं, आम्ही दोघांनी "हाय" म्हटलं. मग तिनं चैताली वाचलं. मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "हाय की. हितंच राहते."

शरणम्मानं उंबऱ्याकडं बघितलं. "अप्पा, मग तिची चप्पल कुटं हाय?"

"चप्पल घालूनच गेलीय नवी पेठेत," अप्पा म्हणाले.

शरणम्मा काही न लिहिता उठली. परत येते म्हणाली. तू सिंगापूरला आहेस हे साऱ्या गल्लीला माहीत, शरणम्मानं तर तुझ्या हातची शेवटची चहा-पोळी खाऊन तुला निरोप दिलेला. पण ती भली बाई, चारचौघांत म्हाताऱ्याला खोटं पाडलं नाही. ती गेल्यावर ह्यांनी आमटीत मीठ नाही म्हणून माझ्याशी भांडण काढलं. मीठ होतं.

तू जूनमध्ये सांगितलंस, की तू आणि यशपालराव तिथलं नागरिकत्व घेताय, आणि ते घ्यायचं तर इथलं सोडावं लागतं, दोन्ही ठेवता येत नाहीत. तेव्हापासून हे असं चाललंय. मी बरी आहे. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. रात्री नाही, दिवसाढवळ्या, शिलाईच्या मशीनवर बसले असताना वाटलं, आणि एका शाळेच्या पन्नास फ्रॉकांची काजं मी उलट्या बाजूला पाडून ठेवली. मालकीणबाई काय बोलल्या ते लिहीत नाही.

माझ्या नातीचा, सोनमचा, गणवेशातला फोटो मिळाला. कॉलर चांगली बसलीय, पण कमरेच्या चुण्या कोणी टाकल्यात त्याला एकदा माझ्याकडं पाठव.

तुझी आई


सोलापूर, २७ जुलै

चि. चैतालीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं. चार पानं. एवढं तू मॅट्रिकच्या पेपरातही लिहिलं नव्हतंस. मी वाचून नेहमीसारखं कसंही कोंबून डब्याखाली ठेवलं आणि कामाला गेले. संध्याकाळी बघते तर पत्राची घडी कशी, इस्त्री मारल्यासारखी. आपल्या घरात अशी घडी कोण घालतं ते तुला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पत्र मुद्दाम चष्म्याच्या घराखाली ठेवलं, म्हणजे शोधायचा त्रास नको.

घरांबद्दल तू जे लिहिलंस ते मला दोनदा वाचावं लागलं. सरकारी इमारत, आणि तिच्यात चिनी किती, मलय किती, इंडियन किती याचा वाटा सरकारनंच ठरवलेला. एका जातीच्या माणसांनी अख्खी इमारत भरायची नाही. तुमच्या मजल्यावर एका बाजूला चिनी आजी, जी तुझ्या दारात संत्री ठेवून जाते, दुसऱ्या बाजूला मलय कुटुंब, ज्यांच्या ईदला सोनम त्यांच्याच घरात जेवते. आणि तुला सगळे तामिळ समजून तामिळमध्ये बोलतात, तू त्यांना तेलुगूत उत्तर देतेस. हे वाचून मी एवढी हसले की शेजारची काशम्मा भिंतीपलीकडून विचारायला लागली. आपल्या गल्लीनं तुला फुकट दिलेली तेलुगू अशी कामी आली.

आपल्या गल्लीतही चार भाषा सुखानं नांदतात, त्याला सरकार लागलं नाही, असं मी लिहिणार होते. मग मला पुण्यातली तुझी खोली आठवली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला घरमालकिणीनं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाचा येणार असल्याचं निघालं. तिसऱ्या घरातही भाचाच आला. पुण्यात भाचे फार. म्हणून मी ती बढाई खोडली.

तिथंही भाड्याच्या जाहिरातीत "इंडियन नकोत" असं लिहिलेलं तू बघितलंस, हे तू लपवलं नाहीस, बरं केलंस. आणि तुम्हाला आवडलेलं पहिलं घर हुकलं, कारण त्या इमारतीत इंडियनांचा वाटा भरला होता. हे वाचून मला राग आला. मी जेवताना मोठ्यानं म्हणाले, कुणाला उद्देशून नव्हे, आमटीला उद्देशून, की बघा, तिथंही पोरीला दार बंदच.

तर तुझे अप्पा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी. एका जागी साचू दिलं की त्याची वस्ती होते."

मग त्यांच्या लक्षात आलं की पत्र वाचल्याचं कबूल केल्यासारखं झालं. अर्धी भाकरी ताटात टाकून हात धुवायला उठले. पण मी सांगते, त्या दिवसापासून ते त्या इमारतीचाच विचार करताहेत. वेळापूरला त्यांचं बालपण गावाबाहेरच्या घरात गेलं. ओढ्यापलीकडं कोणी राहायचं हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नव्हतं, आणि मोडायची कोणाची छाती नव्हती. आणि इथं एक देश, माळशिरस तालुक्यात दोन मावतील एवढा, तो कायद्यानं म्हणतो की वेगळी वस्ती होऊच द्यायची नाही. परवा काशम्माच्या नवऱ्याला, आपल्या धुळाप्पांना, ते अगदी रंगात येऊन हे समजावत होते. धुळाप्पांनी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं. तर म्हणाले, पेपरात आलंय.

शेंगाचटणी पाठवते. चिनी आजीला जपून दे, तिखट आहे.

तुझी आई


सोलापूर, १९ ऑगस्ट

चि. चैतालीस,
सप्रेम जयभीम.

शरणम्मा आणखी दोनदा येऊन गेली. एकदा तू दवाखान्यात ड्युटीवर होतीस. एकदा तू वेळापूरला चुलत्याकडं गेली होतीस. वेळापूरचं मीच सुचवलं, कारण अप्पांना ऐनवेळी काही सुचेना आणि मला त्यांची कीव आली. आता आम्ही दोघंही खोटारडी. शरणम्मा चहा प्यायली, म्हणाली, "लई फिरते हो तुमची पोर," आणि गेली.

तू विचारतेस, अप्पांना एवढं काय वाटतं त्या यादीचं. तुझं लग्न झालं तरी नाव यशपालरावांच्या घरी हलवू दिलं नाही, तू सिंगापूरला गेलीस तरी तसंच ठेवलं. तुला सगळं माहीत असेल असं मी धरून चालले होते, पण कदाचित त्यांनी तुला कधी सांगितलंच नसेल. मलाही लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

तुझ्या आजीला गावात नावानं कोणी हाक मारत नसे. ए, अगं, जाल्याची आई, आणि याहून वाईट. ती गेली तरी गावातल्या निम्म्या लोकांना तिचं नाव माहीत नव्हतं. पण शाळेच्या भिंतीवर मतदारांची यादी लागायची, तिच्यात तिचं नाव पुरतं छापलेलं असायचं, नवऱ्याच्या नावासकट, पाटलाच्या नावाला जी अक्षरं त्याच अक्षरांत. तिला वाचता येत नव्हतं. नुकत्याच अक्षरं शिकलेल्या जालिंदरला खांद्यावर घेऊन ती तिथं जायची आणि म्हणायची, दाखव कुटं हाय मी. तो बोट ठेवायचा. ती बघत राहायची. पहिलं मत देऊन आली तेव्हा तिनं मजुरीतला गूळ घेऊन वस्तीत वाटला. लोकांनी विचारलं, पोरगं झालं का? ती म्हणाली, मी झाले.

सोलापूरला आल्यावर तिनं ते सोडलं नाही. घरात नवा मतदार झाला की पहिल्या मतदानाच्या दिवशी चहाआधी मत, घरातलं मोठं माणूस सोबत, आणि परत आल्यावर गल्लीत गूळ. आता काशम्माच्या घरीही वाटतात, पलीकडच्या शेखांकडंही. तुझ्या वेळी अप्पा पांढरा शर्ट घालून निघाले होते, आणि तू रडत होतीस की चहा नाही, डोकं दुखतं. तुझ्या बोटाची शाई त्यांनी गल्लीत घरोघर दाखवली.

म्हणून त्यांना तुझ्या नावावर काट बघवत नाही. हट्ट नाही तो. भीती आहे. त्यांना वाटतं, जिथं आईनं बोट ठेवून घेतलं तिथून लेक स्वतः उठून चालली.

मी त्यांच्या बाजूची का तुझ्या, असं तू विचारलंस. मी माझ्या बाजूची. तू तिथं अतिदक्षता विभागात सिस्टर इन्चार्ज झालीस, तुझ्या हाताखाली चार देशांच्या पोरी आहेत, सकाळी पाळी बदलताना सगळ्या तुझ्याकडं बघतात, हे मी कारखान्यातल्या प्रत्येक बाईला सांगितलंय. काहींना दोनदा. तुला ज्या देशानं आडनावाआधी काम विचारलं, त्याचं मीठ तू खातेस तर त्याला आपला म्हणावंस, हे मला पटतं. पटतं आणि वाईटही वाटतं. दोन्ही एकाच पोटात राहतात, त्याला वाटा ठरवायला सरकार लागत नाही.

तिथं मत देणं सक्तीचं आहे, नाही दिलं तर यादीतून नाव काढतात आणि परत घालायला कारण द्यावं लागतं, हे तू लिहिलंस ना, ते पान चष्म्याच्या घरात वेगळं ठेवलेलं सापडलं.

तुझी आई


सोलापूर, ७ सप्टेंबर

चि. चैतालीस,
सप्रेम जयभीम.

आज लिहिते आहे ते नीट वाच. यशपालरावांनाही वाचून दाखव.

परवा नंदीश आला होता. तो निवडणुकीत टेबल मांडून चिठ्ठ्या वाटतो तोच, आता गल्लीचा पुढारी झालाय, दोन्ही हातांनी नमस्कार करतो. अप्पा ओट्यावर बसले होते. नंदीशनं त्यांच्या गुडघ्याला हात लावला, तब्येत विचारली आणि म्हणाला, तुम्ही चैतालीताईचं नाव यादीत राखलं ते लई शहाणपणाचं काम केलं. अप्पा खूश झाले. त्यांना वाटलं, चला, कुणाला तरी आपलं दुःख कळलं.

मग तो पुढं म्हणाला, "नाव हाय, माणूस न्हाय. वाया कशाला घालवायचं? त्या दिवशी आमची एक पोरगी पाठवतो की. तुमी फकस्त वळख न्हाय म्हनू नका."

मी आत पीठ मळत होते. मला वाटलं, आता अप्पा ओरडतील. ओरडले नाहीत. नंदीशला वाटलं सौदा पटला. मग त्यांनी त्याला चहा विचारला, तो नको म्हणाला, आणि तो गेला. अप्पा तिथंच बसून राहिले. मी बाहेर आले तर त्यांचा चेहरा असा झालेला, की मला वाटलं साखर कमी झाली. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "भीमे, माज्या आईच्या नावाशेजारी मी चोराला जागा करून दिली."

तुझ्या आजीचं नाव आता यादीत कुठंय, पण मला समजलं त्यांना काय म्हणायचंय ते.

त्यांनी तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि शरणम्माच्या घराकडं निघाले. मला म्हणाले, तूही चल, खोटं दोघांनी बोललंय. मी पिठाचे हात धुऊन गेले.

शरणम्मा अंगणात डाळ निवडत होती. अप्पांनी उभ्यानंच सांगितलं, पोरगी इथं राहत नाही, सिंगापूरला राहते, नवी पेठ आणि दवाखाना खोटं आणि वेळापूरही खोटं. शरणम्मा म्हणाली, ते मला आधीपासनंच ठाऊक, म्हणून तर चप्पल विचारली. मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते, कागदावर काही चढवलं नाही.

मग ती आत जाऊन नाव कमी करायचा अर्ज घेऊन आली. त्यावर कारणं छापलेली असतात, एकावर खूण करायची. तिनं बोट ठेवून म्हटलं, इथं "कायमचे स्थलांतर" आहे, खूण करा, तेही खरंच आहे, आजच काम होईल. मला वाटलं, सुटलो. स्थलांतर म्हणजे काय, लोक करतातच, सोलापूरचा माणूस पुण्याला जातो तसं.

अप्पांनी चष्मा लावला. सगळी कारणं वाचली. एका ठिकाणी थांबले. तिथं लिहिलं होतं, "भारतीय नागरिक नाही." मी त्यांच्या हाताकडं बघत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तिची शपत कदी हाय?" त्यांनी मला विचारलं. पहिल्यांदा विचारलं, चैताली. जूनपासून पहिल्यांदा. मी म्हणाले, बारा ऑक्टोबर.

ते शरणम्माला म्हणाले, आज त्या कारणावर खूण केली तर खोटं होईल, आज ती भारताचीच आहे. आणि स्थलांतरावर मी करणार नाही. ती कुठं पळून गेलेली नाही, उठून नीट सांगून चाललीय, तर तिचं कारणही नीट लिहिलं पाहिजे. बारा तारखेला मी येतो. तोवर त्या नंदीशला सांगून ठेवा, की हे नाव जातंय, कुणी डोळा ठेवू नये.

शरणम्मा म्हणाली, सांगते की. आणि तिनं खरंच त्याच दिवशी सांगितलं, चौकात उभं राहून, कन्नडमध्ये, मोठ्यानं. नंदीश आता आपल्या ओट्याकडं बघत नाही.

मी तुझ्या अप्पांवर पुष्कळदा चिडले, चैताली. मीठ नाही म्हणाले तेव्हा तर फारच. पण परवा परत येताना मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला वाटलं, ह्या माणसाशी लग्न केलं ते बरं केलं.

तुझी आई


सोलापूर, १३ ऑक्टोबर

चि. चैतालीस,
सप्रेम जयभीम.

काल तुझी शपथ झाली. यशपालरावांनी फोटो पाठवला, तू उजवा हात वर केलेला, सोनम पुढच्या रांगेत, शेजारी ती संत्र्यांची चिनी आजी, तिनं तुझ्यासाठी लाल फुलांचा ब्लाउज घातलाय. तो शिवणारा हुशार आहे, बाही छान बसलीय. तुमच्या शपथेतली ओळ, की वंश, भाषा, धर्म काही असो, आम्ही एक, ती तू मराठीत लिहून पाठवली होतीस. ती मी अप्पांना वाचून दाखवली. ते म्हणाले, हे आपल्याला माहीत आहे, आपणही लिहून ठेवलंय, आता त्यांनी पाळावं आणि आपणही.

काल सकाळी काय झालं ते सांगते. उठल्याबरोबर मी चहा ठेवला, तर म्हणाले, नको, आधी काम. आंघोळ केली. मी इस्त्री केलेला निळा शर्ट काढला होता, तो बाजूला ठेवून त्यांनी ट्रंकेतला पांढरा काढला. तुझ्या पहिल्या मताला घातला होता तो. पोटावर जरा ओढतो, मी पुढच्या गुंड्या घाईनं सरकवून दिल्या.

अकरा वाजता तुमचा फोटो आला. तो त्यांनी दोन्ही हातांत फोन धरून बघितला, माझ्या हातात दिला नाही. मग आम्ही शरणम्माकडं गेलो. अर्ज काढला. "भारतीय नागरिक नाही" यावर त्यांनी खूण केली. सही केली, तारीख घातली. शरणम्मानं अर्ज घेतला आणि तिचेच डोळे भरले. ती म्हणाली, "अप्पा, वाईट वाटून घेऊ नका. तुमची पोर लई मोटी हाय."

अप्पा म्हणाले, "शरणम्मा, ती नागरिकच हाय. फकस्त हितली न्हाय."

घरी परत येताना ते मधेच वाण्याकडं वळले. मला वाटलं, साबण. तर आठ किलोची अख्खी ढेप घेऊन बाहेर आले, खांद्यावर. म्हणाले, अर्धी तू धर. कुणी धरायची, कंबर माझी. शेवटी धुळाप्पा धावले आणि दोघांनी घरी आणली. अप्पांनी ओट्यावर बसून बत्त्यानं ती फोडली, पांढऱ्या शर्टावर गुळाचे कण उडत होते, मी ते उडू दिले.

आणि मग ते गल्लीत निघाले, घरोघर. काशम्माकडं, शेखांकडं, शरणम्माच्या दारात परत एकदा. नंदीशच्या घरीही गेले, त्याच्या आईच्या हातात खडा ठेवला. लोकांनी विचारलं, अप्पा, निवडणूक तर नाही, गूळ कसला?

ते म्हणाले, "पोरगी मतदार झाली."

एवढंच म्हणाले, प्रत्येक दारात तेवढंच. माझ्यापाशी मूठभर गूळ उरला तो मी डब्यात घातलाय, तुझा.

आता ते पासपोर्टचे कागद जमवताहेत. जन्मात कधी काढला नाही. विचारतात, तिथं पुढची निवडणूक केव्हा. मी म्हणाले, तीन-चार वर्षं आहेत. तर म्हणाले, तोवर पासपोर्ट येईल की. पहिल्या मताला घरातलं मोठं माणूस सोबत लागतं. आणि तू चहा पिऊन निघायचं नाही, हे आधीच सांगून ठेवायला लावलंय.

रविवारी फोन कर. मी घेणार नाही. फोन कालपासून त्यांच्या खिशात आहे.

तुझी आई